ॲल्युमिनियम कापताना गँट्री थरथरते. पैसे नेमके कुठे घालू?

गाळा_नंबर_चार

नमस्कार मंडळी.

मशीन, म्हणजे संगणकाने चालणारा सीएनसी राउटर, घरीच जुळवलेली आहे. आधी ऐरोलीला राहत्या फ्लॅटच्या बाल्कनीत होती. खालच्या मजल्यावरच्या आजींनी "दुपारभर दाताचा डॉक्टर बसवलाय का वर?" असं विचारल्यावर मुकाट्याने रबाळे एमआयडीसीत मित्राच्या गाळ्यात एका कोपऱ्यात हलवली. तिथे शेजारी पॉवर प्रेस आहे, त्यामुळे माझ्या आवाजाची कोणाला पडलेली नाही.

रचना अशी: टेबल स्थिर, गँट्री (कटर उचलून धरणारी कमान) सरकते. कापायची जागा ६०० बाय ४००. गँट्रीचा आडवा बीम म्हणजे ४०८० ची (४० बाय ८० मिमी) दोन ॲल्युमिनियम प्रोफाइल एकावर एक, म्हणजे उंची १६० आणि जाडी ४०. बीमच्या तोंडावर १० मिमीची प्लेट, तिच्यावर एसबीआर२० च्या (ब्लॉक सरकायच्या) दोन रेल, मधलं अंतर ८०. बाजूच्या प्लेटा १२ मिमी एचई३० (ॲल्युमिनियमचा एक ग्रेड). सरकवणारे स्क्रू सगळे १६०५ (१६ मिमी व्यास, एका फेऱ्याला ५ मिमी). स्पिंडल (कटर फिरवणारी मोटर) २.२ किलोवॉटचा, पाण्यावर थंड होणारा, ८० मिमी व्यासाचा, एकाच क्लॅम्पमध्ये धरलेला. लाकूड, एमडीएफ, ॲक्रिलिक यांना काही त्रास नाही.

कटकट आहे ती ॲल्युमिनियमला. एचई३० ची १२ मिमी प्लेट आणि ६ मिमीचा कार्बाइड एंडमिल. खोली अर्धा मिमी ठेवली तर ठीक चालतं. एक मिमी केली की किंकाळी सुरू. भिंतीवर लहरी उमटतात, नख फिरवलं तरी जाणवतात. खाच ६ ऐवजी ६.१५ च्या आसपास येते. कोपऱ्यात वळताना आवाज बदलतो आणि तिथे कटर आत खातो.

माझा विचार असा आहे: कळंबोलीहून १०० बाय १०० बाय ६ चा चौकोनी पाइप आणून बीम बदलायचा, आत वाळू किंवा काँक्रीट भरायचं, बाजूच्या प्लेटा २० मिमीच्या करायच्या. बजेट पंचवीस हजार. त्याच्यावर गेलं तर घरी सांगता येणार नाही. पावसाच्या आत उरकायचंय, कारण पावसात गाळ्याचं पत्र्याचं छप्पर कुठे गळेल याचा नेम नसतो.

पाइप घेऊ का? वाळू की काँक्रीट? आणि एमएसऐवजी (साध्या पोलादाऐवजी) ईएन२४ ची, म्हणजे मिश्र पोलादाची, प्लेट घेतली तर जास्त ताठ होईल का?


कळवा_खाडी

डोळे मिटून वाळू भर. मी माझ्या राउटरच्या खालच्या फ्रेममध्ये भरली आणि आवाज अर्ध्यावर आला. क्रश सँड चालते, फक्त दोन-तीन दिवस उन्हात वाळवून घे. आणि १०० चा पाइप कशाला, १५० चाच घे ना. एकदाच काय तो खर्च.


बीडवाली

थांब जरा. कळंबोलीचा टेम्पो ठरवायच्या आधी जवळपास फुकटात होणारं एक काम आहे, ते कर.

आमचा वागळे इस्टेटला मोल्ड दुरुस्तीचा गाळा आहे. मशीन जुन्या, बिडाच्या (कास्ट आयर्नच्या), त्यातल्या एक-दोन तर माझ्यापेक्षा वयाने मोठ्या. त्यामुळे घरगुती मशीनकडे मी जरा नाक मुरडूनच बघते, हे आधीच सांगते. पण हिशोब दोन्हीकडे सारखाच. टेबल, बेड, बाजूची प्लेट, बीम, रेल, ब्लॉक, झेडची (वर-खाली सरकणारी) प्लेट, स्पिंडलचा क्लॅम्प, शेवटी कटर. या सगळ्या एकामागे एक जोडलेल्या स्प्रिंगा आहेत. कटरच्या टोकाला जोर आला की प्रत्येक जण आपापल्या ऐपतीप्रमाणे सरकतो, आणि सगळ्यांचं सरकणं टोकाशी बेरीज होऊन येतं. या बेरजेत मोठा आकडा कोणाचा, हे माहीत नसताना लोखंड आणणं म्हणजे पैसे टाकणं. तुझं बोट बीमकडे का गेलं? तो मोठा दिसतो म्हणून.

प्रवासाची बॅग तोलायचा हुकवाला डिजिटल काटा मिळतो, तो घे. आणि ०.०१ मिमी दाखवणारी डायल गेज. मोटरींचे ड्रायव्हर चालू ठेव, म्हणजे मोटरी धरून बसतील. कॉलेट नटला (कटर धरणाऱ्या नटला) नायलॉनची दोरी बांध, तिला काटा अडकव आणि गँट्री सरकते त्या दिशेला, म्हणजे वायमध्ये, १० किलो येईपर्यंत ओढ. डायलचा स्टँड टेबलावर, टोक कॉलेट नटवर. आकडा लिहून ठेव. मग दोरी हळू सोड आणि सुई शून्यावर येते का बघ. जेवढी परत आली तेवढा लवचीकपणा, जेवढी अडकली तेवढा खेळ. उलट बाजूनेही ओढून खात्री करून घे. दोघांची औषधं वेगळी आहेत: खेळ आवळून किंवा सुटा भाग बदलून जातो, लवचीकपणा मात्र लोखंडाने किंवा भूमितीनेच कमी होतो. लोक खेळ असलेल्या मशीनला लोखंड चढवतात आणि मग फरक का पडला नाही म्हणून विचारत बसतात.

पुढची पायरी महत्त्वाची. जोर तिथेच, तेवढाच, फक्त डायल हलवायची. बीमच्या मधोमध वरच्या काठावर घे, मग खालच्या काठावर. बाजूच्या प्लेटवर बीमच्या उंचीला घे. मग स्टँडच बीमवर बसव आणि टोक एक्सच्या, म्हणजे बीमवर आडव्या सरकणाऱ्या, प्लेटवर ठेव, म्हणजे ब्लॉक किती उघडतात ते कळेल. जोर लावायची जागा बदलू नकोस, नाहीतर आकडे एकमेकांत बसणार नाहीत.

ईएन२४ चं विचारलंस ते इथेच संपवते. नको. त्याने ताकद वाढते, ताठपणा नाही. एमएस घे, ईएन२४ घे, वर हार्ड करून घे, यंगचा गुणांक २०० ते २१० गिगापास्कलच राहतो. ॲल्युमिनियमचा ७०, मग एचई३० असो की महागडं ७०७५. बिडाचा तर पोलादाहून कमी, १०० ते १४० च्या दरम्यान. बीड वापरतात ते हादरा जिरवतं म्हणून, आणि हव्या त्या आकारात ओतता येतं म्हणून. तुझी प्लेट तुटत नाहीये, वाकतेय. तिथे जाडी आणि आकार कामाला येतात, ग्रेड नाही.


गाळा_नंबर_चार

ताई, केलं सगळं. पहिली पंचाईत अशी झाली की बीम ॲल्युमिनियमचा, त्याला मॅग्नेटिक स्टँड चिकटेना. मग २५ बाय ६ ची एमएस पट्टी टी-नटने बीमवर आवळली आणि स्टँड तिच्यावर बसवला. काटा ओढायला मित्राला उभा केला. तो साडेअकराला पण "दहा, दहा" म्हणत होता, म्हणून शेवटी मी ओढलं आणि त्याला डायल वाचायला लावली.

वायमध्ये १० किलोला कॉलेट नट ०.३१ सरकतो. सोडल्यावर सुई ०.०५ वर अडकते. बाजूच्या प्लेटा बीमच्या उंचीला ०.०४, दोन्हीकडे जवळपास सारख्याच. बीमच्या मध्यावर खालचा काठ ०.०९ आणि वरचा ०.०३. एक्सची प्लेट बीमच्या तुलनेत खालून उघडते आणि वरून दबते. तिथलं माप कॉलेट नटच्या उंचीला आणून हिशोब केला तर ०.१२ येतो. अडकलेला ०.०५ पण जवळजवळ सगळा तिथलाच आहे, कारण ब्लॉकवर बोट ठेवून ओढलं तर टिक् असं जाणवतं. बाकीचं झेडमध्ये आणि क्लॅम्पमध्ये असणार.

कॉलेट नट बीमच्या मध्यापासून १८० मिमी खाली आहे, तेही मोजून ठेवलंय. एक्स दिशेला ओढलं तर एकूण ०.१४.


बीडवाली

शाब्बास. आता बोलायला काहीतरी आहे.

१० किलो म्हणजे ९८ न्यूटन. ते ०.३१ ने भागले तर मिलिमीटरला सुमारे ३१६ न्यूटन येतात. बऱ्यापैकी मिलिंग मशीनचा हा आकडा दहा हजार आणि त्याच्या वर असतो. तिथे पोहोचायचं स्वप्न बघू नकोस. पण हजाराकडे सरकलास तरी एचई३० मध्ये मिमीभर खोली आरामात जाईल.

आता बेरीज फोडू. बीमचे दोन काठ ०.०९ आणि ०.०३, म्हणजे मध्य ०.०६. त्यातले ०.०४ बाजूच्या प्लेटांनी आणलेले. म्हणजे तुझा बीम वाकतो फक्त ०.०२. तो पिळतो मात्र. १६० मिमी उंचीत ०.०६ चा फरक म्हणजे १८० मिमी खाली सुमारे ०.०७. तर प्लेटा ०.०४, बीमचं वाकणं ०.०२, पीळ ०.०७, एक्सचे ब्लॉक ०.१२, उरलेले ०.०६ झेड आणि क्लॅम्प. बरोब्बर ०.३१.

हे एकदा नीट बघ. तू ज्या बीमवर सगळं बजेट ओतणार होतास तो उद्या अगदी न हलणारा आणलास तरी ३१ चे २२ होतील. एवढंच. आणि बाजूच्या प्लेटा २० मिमीच्या करून त्या ०.०४ मधलं काय ते थोडं कमी होईल, कारण त्यातही वायचे ब्लॉक आहेतच.

सगळ्यात ढिला माणूस एक्सवर बसलाय. एसबीआरची रेल म्हणजे गोल शाफ्ट, आणि ब्लॉक खालून उघडा. खाली दाबला तर ठीक, पण शाफ्टपासून उपटायला गेलास की त्याचं तोंड फाकतं. तुझ्या मांडणीत नेमकं तेच होतं: खालच्या रेलवरचे ब्लॉक उपटले जातात, वरच्यावरचे दाबले जातात. एचजीआर२० या चौकोनी रेलच्या ब्लॉकमध्ये गोळ्यांच्या चार ओळी ४५ अंशात बसवलेल्या असतात, चारही बाजूंनी सारखंच धरते. शिवाय प्रीलोड मिळतो, म्हणजे गोळ्या आधीच दाबून बसवलेल्या, खेळ नाही. झेड-शून्य हा हलका, झेडए मधला. तुला झेडए मिळाला तर बघ. झेडबीच्या फंदात पडू नकोस, तेवढा सपाटपणा तुझ्याकडे नाहीये.

दुसरं, रेलमधलं अंतर. ८० का ठेवलंस? १६० चा बीम आहे. कॉलेट नटवरचा जोर एक्सच्या प्लेटला उलथवतो, आणि ते उलथणं दोन रेलमधल्या अंतराच्या वर्गाच्या उलट प्रमाणात कमी होतं. ८० चं १२० केलंस की सव्वादोन पट फायदा, ब्लॉक तेच ठेवले तरी.

आता बिनपैशाचं औषध. तू १२ मिमीची प्लेट कापतोस आणि त्यासाठी स्पिंडल पार खाली उतरवतोस. टेबलावर ५० मिमी उंच काहीतरी सपाट आणि घट्ट ठेव आणि जॉब त्याच्यावर बांध. झेड तेवढा वर जाईल, १८० चे १३० होतील. पीळ आणि ब्लॉकचं उलथणं दोन्ही या लांबीच्या वर्गाने वाढतात: जास्त लांबी म्हणजे जास्त मोमेंट (उलथवणारा जोर), आणि तेवढ्याच कोनाला टोकाशी जास्त सरकणं. १३० भागिले १८०, त्याचा वर्ग ०.५२. म्हणजे जवळजवळ निम्मं. हे आज संध्याकाळी करून बघता येईल.


तळोजा_फॅब

ताईंचा हिशोब मान्य. तरी पाइप कधीतरी घेशीलच, म्हणून दोन शब्द, कारण हे काम आम्ही करतो.

पिळाला बंद आकाराच्या आतल्या क्षेत्रफळाचा वर्ग लागतो. तुझ्या बीमची अडचण ती ४० मिमी जाडी आहे. १०० बाय १०० बाय ६ च्या पाइपाने पीळ जवळजवळ संपेल, शिवाय पोलादाचा शिअर गुणांक ८० आणि ॲल्युमिनियमचा २६. पण ताई म्हणतात तशा १२० अंतरावर रेल ठेवायच्या तर १०० उंचीच्या पाइपावर त्या बसणारच नाहीत. म्हणून घ्यायचाच तर १५० बाय १०० बाय ६, उभा. मीटरला २१-२२ किलो पडेल. तुझ्या स्टेपर मोटरींना हे वजन झेपतं का ते आधी बघ, नाहीतर ॲक्सिलरेशन खाली आणावं लागेल. मार्केटमध्ये सहा मीटरची लांबी मिळते, तुकडा हवा असेल तर छोट्या दुकानात कापून देतात.

पाइप सपाट असतो ही समजूत काढून टाक. तोंडावर पट्टी ठेवून पाठीमागून बॅटरी मार, मध्ये उजेड दिसेल. त्यावर थेट रेल आवळलीस की रेल पाइपासारखी वाकते आणि ब्लॉक एका जागी जाम, दुसरीकडे मोकळा. आम्ही १६ मिमीच्या पट्ट्या तुटक टाके मारून बसवतो, एकदम सलग वेल्डिंग नाही. मग स्ट्रेस रिलीव्हिंग: ६०० ते ६५० अंश, जाडीच्या दर २५ मिमीला तासभर, आणि भट्टीतच थंड. हे टाळून थेट मशीनिंगला देणारे पुष्कळ आहेत. पट्ट्या त्या दिवशी सपाट येतात, नंतर मशीन चालता चालता आतला ताण सुटतो आणि सपाटपणा जातो. रिलीव्ह झाल्यावर दोन्ही पट्ट्या एकाच सेटिंगमध्ये प्लानो मिलरवर (लांब जॉब सपाट करायच्या मोठ्या मशीनवर) घ्यायच्या, जॉब उलटायचा नाही.

आता भरण्याचं. वाळूने ताठपणा वाढत नाही, शून्य. हादरा थोडा जिरतो आणि वजन वाढतं. काँक्रीट सुकताना आकसतं आणि पाइपाच्या भिंतीपासून सुटतं. इपॉक्सी ग्रॅनाइट (इपॉक्सी रेझिनमध्ये कालवलेली खडी) चिकटून राहतं, पण त्याचा गुणांक ३० च्या आसपास. १०० च्या पाइपाचा हिशोब मांडून बघ: आतला ८८ चा चौकोन पूर्ण भरला तरी वाकण्यातला ताठपणा साधारण २२ टक्क्यांनी वाढतो, आणि वजन मीटरला १७-१८ किलोने, म्हणजे पाइपाच्या वजनाएवढंच आणखी. खरी कमाई आहे ती डँपिंगची, म्हणजे हादरा जिरण्याची. ती सरकत्या गँट्रीत नको, खालच्या बेसमध्ये कर. आणि करायचं तर मे संपायच्या आत. आपल्याकडची काळ्या दगडाची बारीक खडी चांगली चालते, पण ती कोरडी ठणठणीत हवी. पावसाळ्याच्या हवेत काही हार्डनर वर चिकट, पांढरट थर सोडतात आणि पुढचा थर धरत नाही. रेझिन वजनाच्या दहा टक्क्यांच्या आसपास, त्याहून जास्त ओतलंस तर खडी खाली आणि रेझिन वर.


कळवा_खाडी

ठीक आहे, माझा फ्रेम स्थिर होता, म्हणून वाळूने आवाज गेला. ताठपणा मी मोजलाच नव्हता. पण आवाज गेला हे खरं, ते मी मागे घेणार नाही.


कोलशेत_कटर

बेरजेत एक नाव राहिलं: कटर. तू दोरी कॉलेट नटला बांधलीस, त्यामुळे तो मापात आलाच नाही.

६ मिमी गोल कार्बाइड कॉलेटच्या बाहेर २५ मिमी असेल तर मिलिमीटरला सुमारे सात हजार न्यूटन. ४० मिमी बाहेर असेल तर अठराशे. लांबीचा घन आहे तो. कटरच्या अंगावरच्या खाचा धरल्या तर आणखी कमी. १२ मिमीच्या प्लेटला ४० बाहेर ठेवायची काहीच गरज नाही, पण अर्ध्या मशीनवर मी तेच बघतो, कारण कटर जसा पाकिटातून आला तसा कॉलेटमध्ये खोचलेला असतो. आज तुझ्या मशीनला तो अडवत नाहीये. पण मशीन हजारावर गेली की लगेच हिशोबात येईल. आणि ८ मिमीचा कटर ६ च्या तिप्पट ताठ असतो, व्यासाचा चौथा घात.

किंकाळी येते तेव्हा स्पिंडलचे आरपीएम दोन-तीन हजारांनी वर-खाली करून बघ. एका धारेचा कटर १८,००० ला सेकंदाला ३०० ठोके देतो, तीन धारांचा ९००. यातला एखादा आकडा तुझ्या गँट्रीच्या मनात भरला असेल तर तिथून हलणं सगळ्यात स्वस्त. फीड मात्र कमी करू नकोस. घाबरून फीड कमी केलं की धार कापायचं सोडून घासायला लागते, ॲल्युमिनियम चिकटतं आणि किंकाळी वाढते.


गाळा_नंबर_चार

मित्राच्या भंगारात एचई३० चे ५० मिमी जाडीचे कापलेले तुकडे होते. त्यातले चार सारखे निघाले, ते सरफेस ग्राइंडरवाल्याला "ॲल्युमिनियम आहे, मॅग्नेटवर धरणार नाही" असं म्हणताना ऐकून परत आणले आणि माझ्याच मशीनवर वरून फेस केले. त्यांच्यावर १२ ची प्लेट, तिच्यावर जॉब.

पुन्हा दोरी, पुन्हा काटा. ०.३१ चं ०.२० आलं. एक मिमी खोलीला किंकाळी पूर्ण गेली नाही, पण लहरी नखाला लागत नाहीत, तिरप्या उजेडातच दिसतात. एसबीआरच्या ब्लॉकला बाजूचा छोटा स्क्रू आहे तो किंचित आवळला, टिक् आवाज गेला. जास्त आवळला तर ब्लॉक जड चालतो, म्हणून तिथेच थांबलो. कटरही २४ वर आणला.

पाइप रद्द. आता एक्सला एचजीआर२० घ्यायच्या ठरवल्यात, झेडए प्रीलोडच्या. प्रश्न असा: सध्याची १० मिमीची प्लेट तशीच ठेवून तिच्यावर १२० अंतराने नवीन भोकं पाडू, की एमएसची प्लेट घेऊ? आणि दोन रेल समांतर कशा लावायच्या? माझ्याकडे लांब स्ट्रेट एज नाही.


बीडवाली

एमएस घे, १२ ची, वागळेत किंवा रबाळेतच दोन्ही बाजू ग्राइंड करून घे. तिला मॅग्नेट चिकटतो, त्यामुळे ग्राइंडरवाला कुरकुरणार नाही आणि पुढे तुझा डायल स्टँडही बसेल. प्रोफाइलवर बसवताना फक्त टोकांना बोल्ट नको, दर ६० मिमीला एक. टी-नट स्वस्तातले पातळ पत्र्याचे घेऊ नकोस, आवळताना खाचेचे ओठ वाकवतात. बसवायच्या आधी प्लेट आणि प्रोफाइलच्या मध्ये इपॉक्सीचा पातळ थर दे आणि सावकाश, मधून टोकांकडे आवळ. दोन पृष्ठभाग तीन-चार जागीच टेकत असतील तर बोल्ट कितीही ओढ, जोड लवतोच. आमच्याकडे ब्लू (निळा रंग) लावून बघतात कुठे टेकतंय ते. तुझ्याकडे इपॉक्सी भरून काढेल.

ग्राइंड करायला देताना एक काम सांग: प्लेटचा एक लांब काठही सरळ करून दे म्हणावं. तोच तुझा स्ट्रेट एज. पहिली रेल खालची. एम५ चे बोल्ट सैल ठेव, डायलचा स्टँड काठाला टेकवून सरकव, टोक रेलच्या बाजूवर. एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत सुई दोन शतांशात ठेवत बोल्ट एकेक आवळत जा. ही झाली मुख्य रेल, हिला परत हात लावायचा नाही. मग तिच्यावरच्या ब्लॉकला स्टँड बसव, टोक दुसऱ्या रेलच्या बाजूवर, ब्लॉक सरकवत दुसरी तशीच बसव. उंचीचा फरकही त्याच पद्धतीने बघ. फरक निघाला तर खाली पितळेचा शिम (पातळ पत्रा), कागदाचा नाही. कागद दबतो, आणि इतकं करून पुन्हा एक स्प्रिंग आत घालायची असेल तर आधीचा एसबीआर काय वाईट होता.

एक्सच्या प्लेटला नवीन भोकं लागतीलच, एचजीच्या ब्लॉकचा पॅटर्न वेगळा आहे. तेव्हाच झेडच्या प्लेटला स्पिंडलचा दुसरा क्लॅम्प घाल. एका क्लॅम्पमध्ये ८० चा स्पिंडल धरलाय हे मघाशी वाचून मी मुद्दाम गप्प बसले होते. पैसे उरतील त्यातून हे आधी कर. उरलेल्या ०.०६ मध्ये त्याचा वाटा असणार. दोन क्लॅम्प लावताना आधी दोन्ही सैल, स्पिंडल आत, मग प्लेटला आवळ आणि शेवटी स्पिंडलवर. उलटं केलंस तर स्पिंडलचं अंग पिळतं आणि बेअरिंग गरम होतात.

ब्लॉक रेलवरून उतरवावे लागले तर सोबत आलेला प्लॅस्टिकचा डमी तुकडा रेलच्या टोकाला लावूनच सरकव, नाहीतर गोळ्या गाळ्यात शोधत बसशील. आणि ऐरोली-रबाळेला खाडीची हवा आहे. रेल आल्या दिवशीच पुसून तेलाचा हात दे, बसवायला वेळ लागणार असेल तर जास्तच.

झाल्यावर वायमध्ये १० किलोचा आकडा इथे टाक. माझा अंदाज ०.१२ च्या आसपास. त्याहून जास्त आला तर पहिल्यांदा वायचे ब्लॉक बघू, पाइप नाही.